दारू सोडली, आता फक्त बिअर!

आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी एक वाक्य हमखास ऐकू येते. रुग्ण तपासणीच्या पलंगावर आडवा होतो, मी पोटावर हात ठेवतो, उजव्या बरगडीखाली वाढलेल्या यकृताची कड बोटांना लागते, आणि मी काही विचारण्याआधीच तो सांगून टाकतो, ''डॉक्टरसाहेब, दारू तर केव्हाचीच सोडली जी. आता फक्त बिअर घेतो.'' सोबत आलेली बायको तोंड फिरवून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागते.

या वाक्यावर मी वर्षानुवर्षे समाधानाने मान डोलावीत आलो. इतकेच नव्हे, तर काही रुग्णांना ते वाक्य मीच शिकविले. आज त्याची कबुली द्यायची आहे.

गृहस्थ बल्लारपूरकडचा, कोळशाच्या खाणीत डंपर चालविणारा, चाळिशीतला. त्याचे नाव मी देत नाही. त्याची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, तेव्हा हा मनुष्य चोरून येणारा रमचा पव्वा दुप्पट पैसे मोजून घेत असे. रोज एक. २०२१ मध्ये बंदी उठली, दुकानांच्या फळ्या निघाल्या. त्याच सुमारास बायकोने त्याला ओढत माझ्याकडे आणले. यकृताला सूज होती, पण परत फिरता येईल इतपत. बाहेर बाकावर वीस-पंचवीस माणसे बसलेली. मी घाईघाईने गोळ्या लिहिल्या आणि म्हणालो, ''रम एकदम बंद. अगदीच राहवत नसेल तर एखादी बिअर घे.''

गोळ्या त्याने महिनाभर घेतल्या. बिअरचा सल्ला मात्र त्याने चार वर्षे निष्ठेने पाळला. 'एखादी'च्या दोन झाल्या एवढेच. गेल्या पावसाळ्यात तो आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, पायावर सूज, पोटात पाणी. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, ''तुमचेच ऐकले जी साहेब. रमला हात नाही लावला.'' मी त्याला नागपूरला पाठविले. त्या रात्री जेवण गेले नाही.

आता मध्येच थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. माझा एक भाचा इंग्लंडात, यॉर्कशायर भागात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी तिकडची एक काळी बिअर आणली. तिला ते लोक 'एल' म्हणतात. ''मामा, ही एकदा चाखून तर बघा. आपल्याकडच्या बिअरसारखी नाही ही,'' असे म्हणून त्याने बाटली टेबलावर ठेवली. ओल्ड पेक्युलियर असे तिचे नाव. मॅशम नावाच्या छोट्या गावात थिकस्टन घराण्याचा कारखाना आहे, १८२७ सालापासूनचा, तिथली ही. मी पिणारा नव्हे. पण तीस वर्षे दुसऱ्यांच्या पिण्यावर व्याख्याने झोडणाऱ्याने एकदा नीट चाखून मत द्यायला हरकत नसावी, असे मनाचे समाधान केले. (आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, आणि तो 'आरोग्याचे रक्षण व जतन' या कारणासाठी दिला जातो. डॉक्टर म्हणून मला याचे हसू आवरत नाही.)

तर अभिप्राय असा. भाच्याने बाटली बर्फात घालू दिली नाही. ही थंडगार प्यायची नसते, माठातल्या पाण्याइतकी गार पुरे. पेल्यात ओतल्यावर ती काळी दिसते, पण दिव्यासमोर धरली की खालून तांबूस लाल झाक मारते. फेस मळकट पांढरा. वास पहिल्यांदा आंबू लागलेल्या पावासारखा आला आणि मन थोडे मागे सरले. मग मात्र काकवी आठवली, आणि त्यामागे भाजलेल्या धान्याचा खरपूस वास. घोट घेतल्यावर जिभेच्या टोकाला गोडसर, मध्ये मनुकेसारखी चव, आणि गिळल्यावर बिनदुधाच्या चहासारखा कडवटपणा बराच वेळ रेंगाळतो. घसा जळत नाही. हा जो मनुकेचा वास आहे, तो मला ओळखीचा वाटला. दुसऱ्या घोटाला आठवले: चैत्रात अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांवर दुपारचे ऊन पडले की असाच वास सुटतो. साता समुद्रापलीकडच्या बाटलीत आपल्या मोहाचा वास निघावा याची गंमत वाटली.

ही होते कशी, हेही भाच्याकडून समजून घेतले. जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, त्यातले काही कॉफीच्या बियांसारखे काळे होईस्तोवर भाजतात. रंग येतो तो त्याचाच. त्याचा काढा करून त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळतात, कडूपणा त्यांचा. मग यीस्ट टाकून आंबवतात. आपल्या दुकानांतली पिवळी बिअर थंडाव्यात सावकाश आंबविलेली असते, एल त्यापेक्षा उबदार जागी. बाकी कुळी एकच. एकंदरीत पेय चांगले आहे, कष्टाने केलेले आहे, हे मी प्रामाणिकपणे म्हणेन. खोटे कशाला बोलायचे? दारू चवीला वाईटच असते असे सांगणाऱ्या डॉक्टरवर कोणी विश्वास ठेवीत नाही.

अर्ध्या पेल्यावर थांबलो आणि सवयीप्रमाणे बाटलीवरची बारीक अक्षरे वाचू लागलो. बाटली ५०० मिलिलिटरची. अल्कोहोल ५.६ टक्के. म्हणजे त्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल २८ मिलिलिटर. इंग्लंडात १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक 'युनिट' म्हणतात आणि त्यांच्या सरकारी डॉक्टरांनी २०१६ साली आठवड्याला १४ युनिटांची मर्यादा घालून दिली. स्त्री असो वा पुरुष. या हिशेबाने अशा पाच बाटल्यांत आठवडा संपला. मला आपल्या डंपरवाल्याची आठवण झाली, आणि पाकिटावर पेन्सिलीने मी जो हिशेब मांडला तो वाचकांनीही मांडून पाहावा.

व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेले असते. पव्वा १८० मिलिलिटरचा. त्यात शुद्ध अल्कोहोल ७७ मिलिलिटर. हे त्याचे जुने रोजचे माप. आता बिअर. आपल्याकडे मजूर, ड्रायव्हर, खाणकामगार जी घेतात ती 'स्ट्राँग' बिअर. इंग्लंडची ती काळीशार एल दिसायला भयंकर आणि अंगात ५.६ टक्के; आपली पिवळी स्ट्राँग दिसायला सरबत आणि अंगात आठ टक्क्यांपर्यंत! मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. आठने हिशेब केला तर एका बाटलीत ५२ मिलिलिटर, म्हणजे ६० मिलिलिटरचे दोन मोठे पेग. दोन बाटल्यांत १०४. बाटलीवर छापतात तो आकडा वरच्या मर्यादेचा असतो, म्हणून सात टक्केच धरले तरी दोन बाटल्यांत ९१ भरतात.

म्हणजे रम सोडून माझ्या सल्ल्याने बिअर धरलेला तो माणूस रोज पूर्वीपेक्षा जास्त दारू पीत होता. कमी नव्हे, जास्त. आणि आपण सुधारलो या समाधानात पीत होता. बायकोही गप्प बसली होती, कारण डॉक्टरांनीच सांगितलेले.

यकृताला बाटलीचे नाव वाचता येत नाही. जवाची असो, उसाच्या मळीची असो, मोहाची असो, यकृताकडे येते ते एकच रसायन, आणि तासाला साधारण दहा मिलिलिटर निकाली काढण्यापलीकडे त्याची धाव नाही. थंड पाण्याने अंघोळ करून, लिंबू चोखून वा काळी कॉफी पिऊन ती गती वाढत नाही. रात्री दहाला दोन स्ट्राँग संपविणारा माणूस सकाळी सहाच्या पाळीला डंपरवर बसतो, तेव्हा त्याच्या रक्तात दारू शिल्लक असते. हे खाणीतल्या आणि वीज केंद्रातल्या वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे.

बिअरविषयीचे आपल्या भागातले समज एवढे आहेत की त्यावर वेगळा लेख होईल. पहिला मुतखड्याचा. ''बिअर प्या, खडा पडून जाईल,'' हा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. बिअरने लघवी जास्त होते हे खरे. पण ती अंगातलेच पाणी ओढून बाहेर काढते. शिवाय बिअरने युरिक ॲसिड वाढते, म्हणजे खड्याचा एक प्रकार आणि अंगठ्याच्या सांध्याचे ठणकते दुखणे दोन्हींना आमंत्रण. खडा पाडायला पाणी लागते, दिवसाला तीन लिटर, आणि ते नळाला येते.

दुसरा समज चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बिअरला 'थंड' म्हणून औषधाचा मान मिळतो. दुपारी बिअर घेऊन उन्हात निघालेला माणूस उष्माघाताने आडवा पडलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. त्याला बिअर थंड वाटली, कारण ती फ्रिजमधून आली होती. त्या जागी आंबील, ताक, कैरीचे पन्हे, नाही तर मीठ-साखरेचे पाणी घ्या.

तिसरा समज ताकदीचा. हा आपलाच नाही, साहेबाचाही आहे. आयर्लंडची गिनेस नावाची काळी बिअर आरोग्याला चांगली आहे अशी जाहिरात १९२९ पासून तिकडे अनेक वर्षे चालली. रक्तदात्यांना, शस्त्रक्रिया झालेल्यांना, बाळंतिणींना ती दिली जाई; काळी म्हणजे लोहयुक्त, ही समजूत. प्रत्यक्षात लोह त्यात नावाला. मूठभर भाजलेले चणे किंवा मेथीची भाजी त्याहून कितीतरी सरस. पण हसण्याआधी आपले घर पाहावे. लहान मुलाच्या छातीला ब्रँडी चोळणे, सर्दीला चमचाभर पाजणे, बाळंतिणीला कंबरेसाठी दोन घोट देणे, हे आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतही चालते. लहान मुलाला तो चमचा घातक ठरू शकतो: रक्तातली साखर एकदम उतरते. आणि आईने घेतलेली दारू दुधातून बाळाला जाते.

मोहाविषयी लिहिले नाही तर वैनगंगेपलीकडचे वाचक रागावतील. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, लोकांच्या मागणीवरून आलेली, आणि डॉ. अभय बंग यांच्यासारख्या डॉक्टरांनी ती लावून धरली. मी उमेदवारीच्या दिवसांत तिकडे एका आरोग्य केंद्रात होतो. एका लग्नात पानाच्या द्रोणात मोहाची पुढे आली. आधी दोन थेंब जमिनीवर, देवाला आणि गेलेल्यांना, मग माणसांना. मी ओठ ओले केले. धुराचा वास, फुलाचा जड गोड दर्प, आणि घशापासून पोटापर्यंत एक जळती रेघ. बंदी होती तेव्हा चाखणे हाही गुन्हाच, तो आता तीस वर्षांनी कबूल करतो. जन्म, लग्न, मरण यांत मोहाला जे स्थान आहे त्याची चेष्टा मी करणार नाही. माझे भांडण फक्त मापाशी आहे.

कारण मोहाची ही बिअरची नव्हे, रमची बहीण आहे. ताडी, शिंदी ही बिअरच्या जातीची; नुसती आंबविलेली. मोहफुलांचा सडवा मात्र आंबल्यावर भट्टीवर चढतो, वाफ धरली जाते, आणि पहिल्या धारेची किती कडक, शेवटच्या धारेची किती, हे गाळणाऱ्यालाही आकड्यात सांगता येत नाही. त्यात गुळाची भर, नवसागराची भर. पुढे विकणारा त्यात काय मिसळतो ते तोच जाणे. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलने. हे मिथेनॉल चवीला साध्या दारूसारखेच लागते. जिभेला कळत नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके आले की कळते, आणि तेव्हा अर्धी वेळ निघून गेलेली असते. दारू घेतल्यावर अंधूक दिसू लागले, पोट दुखून श्वास जोरात चालू लागला, तर उतरण्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालय गाठावे. पोलीस विचारतील या भीतीने घरी झोपवून ठेवू नये.

शहरांत आता मोहाला वेगळीच प्रतिष्ठा येत आहे. गोव्यात २०१८ पासून ती परवान्याने, सुबक बाटलीत मिळू लागली. मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये तिला वारशाचा दर्जा देणारे धोरण आणले. आदिवासी बायांच्या हाती पैसा जात असेल तर मला आनंदच आहे. शिवाय बाटलीवर टक्के तरी छापलेले असतात. पण 'जंगलातली, नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी' असे जे तिच्याविषयी बोलले जाते, ते काळ्या बिअरमधल्या लोहाइतकेच खरे आहे. नैसर्गिक म्हणायचे तर फूल. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. आपल्या आज्या ती भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करीत, भाकरीत घालीत, दुष्काळात त्यावर दिवस काढीत. पहाटे टोपली घेऊन वाघाच्या भीतीने जीव मुठीत धरून बाया ती वेचतात. लहानपणी आमच्या शेजारी मोहाची पुरणासारखी पोळी होत असे, ती चव अजून जिभेवर आहे. त्या विलायती एलपुढे मी तिलाच वरचा नंबर देईन.

बंदी असावी की उठावी, हे मला पेशंटही विचारतात. माझ्या दवाखान्यापुरते सांगतो. बंदीच्या वर्षांत मारहाणीने फुटलेली डोकी मी कमी शिवली, आणि भलत्याच मालाने उलट्या होणारे जास्त पाहिले. मला बंदी हवी होती आणि आजही हवी आहे. पण बंदी आहे म्हणून, किंवा नाही म्हणून, डॉक्टरने मापाविषयी गप्प बसावे हे मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. हे मी आता प्रत्येकाला सांगतो. 'बिअर घे' हे वाक्य माझ्या तोंडातून कायमचे गेले. त्याऐवजी विचारतो, बाटली केवढी, टक्के किती, आठवड्याला किती? मिलिलिटरला टक्क्यांनी गुणायचे आणि शंभराने भागायचे. सातवी शिकलेल्याला येते.

एक सूचना मात्र कान देऊन ऐकावी. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने हा लेख वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते, माणूस भलतेसलते बरळू लागतो, आणि यात जीवही जातो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. बाधा काही नाही, मेंदूला सवय झालेली असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन ती आठवडाभरात सोडविता येते. जिल्हा रुग्णालयात जा, मानसोपचार तज्ज्ञाला भेटा, माझ्याकडे या, पण एकट्याने शौर्य नको.

डंपरवाला नागपूरहून महिन्याभराने परतला. पोटातले पाणी उतरले आहे, डोळे पुष्कळ निवळले आहेत; यकृत किती सावरेल ते वर्षभराने कळेल. दिवाळीनंतर तो तपासायला आला तेव्हा मी त्याला हिशेबाचे ते पाकीट दाखविले आणि म्हणालो, ''चूक माझी होती.'' असे रुग्णाला म्हणण्याची मला सवय नाही, शब्द जरा अडखळत आले. त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिले, चष्मा नव्हता म्हणून बायकोच्या हाती दिले. तिने मोठ्याने वाचले. सत्त्याहत्तर. एकशे चार. मग पदर सावरीत मला विचारले, ''साहेब, हे लिहून द्या ना एका कागदावर. याच्या पाळीतले आणखी सात-आठ जण बिअरवरच आहेत जी.''

कागद त्याच दिवशी दिला. तोच थोडा वाढवून येथे छापायला दिला आहे.